मागाच्या खड्ड्यात पाय सोडून

मला पहिलं पुस्तक मिळालं तेव्हा घरात चित्र काढायला जागाच नव्हती. पुस्तक लिहायचं नव्हतं, त्यातली चित्रं काढायची होती. बर्डीच्या बाजारपेठेतल्या एका लहानशा प्रकाशकाने मुलांसाठी एक गोष्ट छापायला घेतली होती आणि त्याला पानोपानी चित्र हवं होतं. तोवर मी एका साप्ताहिकाच्या मुलांच्या पानात कोपऱ्यात मावतील एवढी चित्रं काढत असे. पतंग, शेळी, फार तर एखादा ढग. आता अख्खं पान माझं होतं.

गोष्ट एका कोल्हिणीची होती. ती आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान मांडते आणि जंगलातली सगळी मंडळी हात पुढे करून तिच्यासमोर बसतात. हत्तीण, अस्वल, माकडीण, सगळे. गोष्टीचे कागद पिशवीत घालून मी बर्डीवरून घरापर्यंत चालतच आले. रिक्षा करायचं सुचलंच नाही. हत्तिणीला बांगडी भरायची तर कोल्हिणीला स्टुलावर चढावं लागेल, की हत्तीणच बाजारात आडवी होईल? सगळी वाट मी ह्याच विचारात होते. घरी आल्यावर पायांतल्या चपला न काढता मी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ती गोष्ट वाचून दाखवली. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळी ऐकली आणि म्हणाले, "हत्तीण आडवीच होईन. तिले काय लाज?"

सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. इतवारीच्या पलीकडे विणकरांच्या वस्तीत आमचं घर होतं. पुढे एक खोली, मागे एक खोली, आणि मागे अंगण. पुढच्या खोलीत मामाजींचा हातमाग होता आणि तो ती खोली पुरी व्यापून होता. उरलेला संसार मागच्या खोलीत. स्वयंपाक तिथे, झोपणं तिथे, ट्रंका तिथे, माझी दोन वर्षांची मुलगी तिथे. नवरा हिंगण्याला कारखान्यात होता. कंपनीच्या बसने जायचा-यायचा, आणि पाळी बदलली की त्याची झोपायची वेळ बदलायची.

मी चित्रं काढायचे ती जिथे जागा सापडेल तिथे. ट्रंकेवर बोर्ड ठेवला तर कोणाला ना कोणाला ट्रंकेतलंच काही हवं असायचं. स्वयंपाकाच्या पाटावर बसले तर कागदाला पिठाचे डाग. गच्चीवर गेले तर उन्हाने शाई टाकातच वाळायची. ह्या पुस्तकातली पहिली हत्तीण मी जमिनीवर पालथी पडून काढली. शाई वाळेपर्यंत तिला तिथेच ठेवलं आणि मुलगी तिच्यावरून चालत गेली. हत्तिणीच्या कानावर पाच इवली बोटं उमटली. दुसरी हत्तीण काढताना मान आणि कंबर इतकी अवघडली की उठायला भिंत धरावी लागली. पण रात्री झोपले की डोळ्यांपुढे पुन्हा बांगड्या. माहेरी, भिवापूरला, मिरचीच्या हंगामात अंगणभर लाल पसरलेलं असायचं, तसला लाल मला त्या बाजाराला हवा होता. डोक्यात सगळं तयार होतं. फक्त टेकायला जागा हवी होती.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी मामाजींनी माग काढायचं ठरवलं. त्यांचा उजवा खांदा वर्षभरापासून धरला होता. सुताची कांडी घातलेला धोटा फेकायला हात वर जात नव्हता. डॉक्टरांनी शेक दिला, गोळ्या दिल्या, शेवटी सांगितलं की हे काम आता पुरे. मागावर चादर टाकलेली असायची. उमरेडला मामाजींचे एक भाचेजावई विणत होते, त्यांना माग हवा होता.

"घेऊन जा म्हणा," मामाजी म्हणाले. "चादर टाकून ठेवण्यापेक्षा चालला तर बरा."

हे ऐकून घरात सर्वांत जास्त आनंद कोणाला झाला असेल तर आत्याबाईंना. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी त्या मागाशेजारी बसून, सूत गुंडाळून कांड्या भरल्या होत्या, सुताचा बारीक धूळकट कापूस झाडला होता, आणि मनात एक बैठकीची खोली सजवून ठेवली होती. दिवाण कुठल्या भिंतीला, दोन खुर्च्या कुठे, पडदा कोणत्या रंगाचा, सगळं.

"माह्या घरी कोणी आलं का त्याले म्या कुठं बसवलं?" त्या मला म्हणाल्या. "मोरीपाशी. माही सख्खी बहीण अमरावतीवरून आली तं ती बी मोरीपाशी बसली. आता बसन दिवाणावर."

त्यांचं खरंच होतं. पण त्याच क्षणी माझ्याही मनात ती खोली शिरली होती.

भाचेजावई टेम्पो घेऊन आले. मामाजींनी स्वतः उभं राहून माग सोडवला. कोणती खुंटी आधी काढायची, कोणता दोर कापायचा नाही, हे शांतपणे सांगत राहिले. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. वाटलंही असेल. पण टेम्पो वळणावरून गेल्यावर ते आत आले, रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "अरे वा. एवढी मोठी होती काय ही खोली?"

आम्ही सगळेच बघत राहिलो. माग असताना कधी पुरती दिसलीच नव्हती ती खिडकी, उत्तरेची, रुंद, जमिनीपासून हातभर उंच. तिच्यातून सरळ ऊन येत नव्हतं. येत होता तो नुसता स्वच्छ, सारखा उजेड. आणि खिडकीपाशी जमिनीत होता मागाचा खड्डा. विणकर काठावर बसतो आणि पाय आत सोडून पायाखालच्या पावड्या दाबतो, तो खड्डा. गुडघ्याहून थोडा खोल, आतून मातीने लिंपलेला. पावड्या मागाबरोबर उमरेडला गेल्या होत्या.

"ह्याच्यासाठी मुरमाची बैलबंडी सांगून आली मी," आत्याबाई म्हणाल्या. "उद्या भरून टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती खोली झाडायला गेले. नवरा पहिल्या पाळीला गेला होता, आत्याबाई बाजारात, मुलगी अजून झोपलेली. झाडता झाडता दमले म्हणून खड्ड्याच्या काठावर बसले आणि पाय आत सोडले.

पाय गार लागले. बाहेर सकाळीच झळा सुरू झाल्या होत्या आणि आत तळव्यांना माठाजवळची जमीन लागावी तसं लागलं. पाठ आपोआप सरळ झाली. समोर खिडकी. हात सहज पुढे जात होता. मी जशी बसले होते तशी काही क्षण बसून राहिले आणि मग उठून धावतच मागच्या खोलीत गेले. बोर्ड आणला, कागद आणला, शाई, टाक. बोर्डाची अलीकडची कड मांडीवर घेतली, पलीकडची समोरच्या काठावर एका विटेवर टेकवली. झाला उतार. शाळेतल्या ड्रॉइंगच्या टेबलाला असतो तसा, उलट त्याहून चांगला, कारण हा माझ्या उंचीचा होता.

मी अस्वल काढायला घेतलं. अस्वल बांगड्या बघत बसलंय, तळहातावर गाल ठेवून. एका रेषेत त्याची पाठ उतरली. एका रेषेत. मी ती पुन्हा गिरवलीही नाही. मग टोपली, मग बांगड्यांच्या माळा, मग मागे उभी माकडीण, जिला धीर धरवत नाही. हात थांबेना. मान दुखेना. मुलगी उठून आली, खड्डा बघून काठावर पालथी पडली आणि आत डोकावत माझ्या पायांशी बोलू लागली.

मामाजी कधी येऊन मागे उभे राहिले ते मला कळलं नाही.

"जमून राहिलं काय?" त्यांनी विचारलं.

"मामाजी, इथं बसल्यावर काहीच दुखत नाही," मी म्हटलं. "आणि उजेड पाहा ना."

"उजेडासाठीच तं माग इथं मांडला होता." ते खाली बसले. चित्राकडे बघितलं, मग माझ्या बसण्याकडे. "बुडाखाली काहीतरी पाहिजे. पोतं दुमडून घे. मी बी घेत होतो." आणि ते उठून पोतं आणायला गेले. एक खांदा धरलेला माणूस इतक्या लगबगीने जाताना मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

पोतं आलं आणि त्याच्या पाठोपाठ दारात मुरमाची बंडी आली. बंडीवाल्याने बैल थांबवले, आत्याबाई हातातली भाजीची पिशवी सांभाळत त्याला "हो, इथंच, इथंच" म्हणत होत्या. आत आल्या आणि मला खड्ड्यात बघून थबकल्या.

"हे काय करून राहिली वं?"

मी उभी राहायला गेले, पण खड्ड्यातून उभं राहिलं की माणूस आणखीच लहान दिसतो. तशीच उभी राहून मी म्हटलं, "आत्याबाई, मले इथं बसू द्या ना. पुस्तक होईपर्यंत."

"मंग पाहुणे काय खड्ड्यात सोडू मी?"

"पाहुणे आले की मी सगळं उचलून घेईन."

"खड्डा उचलता येते का?"

बाहेर बंडीवाल्याने घमेल्याने मुरूम ओढायला सुरुवात केली होती. मामाजी मधे पडले. "अवं, तिचं चित्र पाहून घे एकदा," एवढंच म्हणाले.

आत्याबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि वाकून बघितलं. मला वाटलं आता चिडतील.

"अस्वलाच्या हाताले ही बांगडी होईन काय?" त्या म्हणाल्या. "मोठी काढ. त्याच्या मनगटावर केस किती आहेत ते तं पाह्य."

मी म्हटलं, काढते. त्यांनी दाराकडे वळून बंडीवाल्याला सांगितलं की मुरूम मागच्या अंगणात टाक, तिथं पावसाळ्यात पाणी साचते. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुस्तक होईपर्यंत."

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून मजा वाटते. मी आणि मामाजी त्या खड्ड्याच्या मागे लागलो. रोज सकाळी एकाला काहीतरी नवीन सुचलेलं असायचं. संत्र्याच्या बाजारातून त्यांनी तीन रिकाम्या पेट्या आणल्या. खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पेटी आडवी ठेवली आणि वर नवऱ्याने कारखान्यात मागून घेतलेली प्लायवुडची फळी टाकली. आता मांडी मोकळी झाली. पेट्यांच्या पोटात कागद आणि रंग राहू लागले. त्यांना कितीतरी दिवस संत्र्याच्या सालीचा वास येत होता आणि तो पोस्टर कलरच्या वासात मिसळून एक तिसराच वास तयार झाला होता. खोलीत आलं की तो आधी भेटायचा.

शाई सांडायची भीती मला सारखी असायची. मामाजींनी उजव्या हाताला, खड्ड्याच्या आतल्या भिंतीत, काठापासून थोडं खाली, खुरप्याने एक छोटा कोनाडा कोरला. शाईची बाटली त्यात बरोबर बसली. मग शेजारी ब्रशच्या पाण्यासाठी दुसरा. डाव्या हाताने त्यांना माती ओली करून लिंपायला वेळ लागत होता, पण ते मला हात लावू देईनात. खिडकीला वाळ्याची ताटी बांधली. दुपारी तिच्यावर पाणी मारलं की सुगंधी गारवा यायचा. अर्धी ताटी गुंडाळून ठेवायची, म्हणजे उजेडही राहायचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत सुतळी ताणली आणि तिच्यावर चिमट्यांनी चित्रं वाळत घातली. सकाळी दार उघडलं की सुतळीवर माकडीण, मोर, बाजार, सगळे ओळीने लटकलेले. तिसरी पेटी मुलीची झाली. ती तिच्यात बसायची आणि तिथून चित्रांवर बोट रोखून हाका मारायची.

नवरा सुरुवातीला हसला होता. "माणसं माडीवर चढतात, तू खाली उतरली," म्हणाला. पण एकदा रात्रपाळी करून आला आणि मागच्या खोलीत उकडतं म्हणून खड्ड्याच्या काठावरून पाय सोडून, तिथेच मागे आडवा होऊन झोपला. उठल्यावर म्हणाला, "माझी रात्रपाळी असली की दुपारी ही जागा मला दे."

"नाही देणार," मी म्हटलं. आणि खरंच दिली नाही.

आत्याबाई तांदूळ निवडायला घेऊन पुढच्या खोलीत येऊन बसायच्या, जिथे पूर्वी कांड्या भरायला बसत तिथेच. एक गुडघा उभा, एक मांडी घातलेली, पदर कमरेला खोचलेला, मान थोडी कललेली. सूप झटकायच्या आणि वर बघायच्या. वर बघितलं की काहीतरी विचारायच्या. "हा मोर बांगडी कुठं घालन? पायात?" मी तोवर कोल्हिणीपाशी अडले होते. दुकानदारीण म्हणून ती कशी बसेल तेच हाताला येईना. मी तिला खुर्चीवर बसवलं, मांडी घालून बसवलं, काहीच जमलं नाही. आणि एका दुपारी मी न ठरवता आत्याबाईंकडे बघत रेषा ओढत गेले. कोल्हीण बसली. एक गुडघा उभा, हात गुडघ्यावरून पुढे, समोरच्या गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घेते आहे पण भाव कमी करणार नाही, अशी.

चित्र सुतळीवर गेलं. दुसऱ्या दिवशी आत्याबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मी खाली मान घालून ब्रश धूत होते.

"ही कोल्हीण माह्यासारखी काहून बसली?"

मामाजी ओट्यावर होते. ते आत आले, चित्राकडे बघितलं, आत्याबाईंकडे बघितलं आणि पुन्हा बाहेर जाऊन बसले. त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते.

मी म्हटलं, "आत्याबाई, दुसरी कशीच बसत नव्हती. तुम्ही बसता तशीच ती शोभते. राग आला असेल तर बदलते."

त्या परत चित्राकडे वळल्या. आपल्या खोचलेल्या पदरावर हात फिरवला.

"बदलू नको," त्या म्हणाल्या. "पण पदर नीट काढ. बाजारात बसली आहे ती. चार लोक पाह्यतात."

मी कोल्हिणीला जांभळ्या काठाचा पदर काढला. काठ कसा असावा ते मामाजींनी सांगितलं आणि आत्याबाईंनी त्यात दुरुस्ती केली. त्यावर दोघांचं चांगलं भांडण झालं, आणि मी मधे बसून दोघांचं ऐकून तिसराच काठ काढला.

पुस्तकाची चित्रं मृगाच्या आधी झाली. शेवटचं चित्र सुतळीवर वाळत होतं तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली, कारण "पुस्तक होईपर्यंत" हे शब्द मी विसरले नव्हते. संध्याकाळी आत्याबाई वस्तीतल्या सुताराला घेऊन आल्या. त्याने खड्डा मापला. मी मागच्या खोलीतून बघत होते. वाटलं, झालं.

पण आत्याबाई त्याला सांगत होत्या, "झाकण पाहिजे. तीन फळ्या, उचलता आल्या पाहिजे. हिच्यानं एकटीनं. वरून सपाट. सतरंजी टाकली का समजलं नाही पाहिजे."

मी बाहेर आले. सुताराला पाणी दिलं.

"दिवाण त्या भिंतीले लागन," आत्याबाई मला म्हणाल्या, जणू मीच विचारलं होतं. "पाहुणे गेले का तू आपल्या फळ्या काढ."

झाकण झालं. पेट्या दिवाणाखाली सरकवायच्या, फळ्या बसवायच्या, वर सतरंजी. अमरावतीच्या मावशी आल्या तेव्हा दिवाणावर आत्याबाई त्यांच्याशेजारी ताठ बसल्या होत्या, आणि सोबत आलेली लेकरं सतरंजीवर, अगदी माझ्या शाईच्या बाटलीवर बसून चिवडा खात होती. त्यांना काही पत्ता नव्हता. मावशी चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, खोली मोठी छान झाली. आत्याबाईंना राहवेना. त्यांनी लेकरांना उठवलं, सतरंजी गुंडाळली, एक फळी स्वतः उचलली आणि बहिणीला खाली वाकून बघायला लावलं. "सून इथं काम करते," म्हणाल्या. मावशींना त्यात काय बघायचं ते कळलं नाही, पण कोनाड्यातली बाटली त्यांना आवडली.

चित्रं घेऊन मी बर्डीवर गेले तेव्हा मात्र रिक्षा केली. दोन पुठ्ठ्यांच्या मधे ती घालून मामाजींनी सुताने बांधून दिली होती, आणि ती गाठ सोडायला प्रकाशकाला कात्री लागली. त्याने एकेक चित्र उचलून खिडकीशी धरलं. अस्वलापाशी थोडा हसला. कोल्हिणीपाशी बराच थांबला आणि म्हणाला, "हिला कुठंतरी पाहिलंय असं वाटतं."

मी म्हटलं, असेल.

त्याने चित्रं परत पुठ्ठ्यात ठेवली, टेबलाचा खण उघडला आणि आणखी एक हस्तलिखित माझ्यापुढे सरकवलं. ती समुद्रावरच्या एका खेकड्याची गोष्ट होती. मी समुद्र कधी बघितला नव्हता. आमच्या घरात कोणीच बघितला नव्हता. "जमेल ना?" त्याने विचारलं. मी हो म्हणून बसले.

घरी आले. आत्याबाई दिवाणावर पाय पसरून पडल्या होत्या, मामाजी मुलीला घेऊन ओट्यावर. मी सतरंजी गुंडाळली, तीन फळ्या भिंतीला लावल्या, पेट्या ओढल्या आणि खाली पाय सोडून कोरा कागद लावला.

"आता काय?" आत्याबाईंनी पडल्यापडल्या विचारलं.

"समुद्र."

त्या उठून बसल्या. "मंग निळा रंग पुरन का?" म्हणाल्या.